फासा, नियम आणि निवाडा : फँटसी भूमिकाखेळांच्या रचनेचा आढावा

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग गेममध्ये, म्हणजे भूमिकाखेळात, चार-सहा जण एकत्र येतात. त्यांतील बहुतेक जण प्रत्येकी एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतात आणि उरलेला एक जण त्या पात्रांभोवतीचे सारे जग, म्हणजे तिथली गावे, भुयारे, राक्षस, राजेरजवाडे आणि पात्रांच्या कृतींचे परिणाम, सांभाळतो. या एका खेळाडूला गेम मास्टर म्हणतात. आपले पात्र दरीवरून उडी मारते असे एखाद्या खेळाडूने सांगितले की ती उडी साधली का, आणि न साधल्यास पुढे काय झाले, हे ठरवण्याचे तीन मार्ग असतात : छापील नियम, फाशावर पडलेला आकडा आणि गेम मास्टरचा निवाडा. या तिघांत निर्णयाचा अधिकार कसा वाटावा हा या खेळांच्या रचनेतील मध्यवर्ती प्रश्न आहे, आणि गेल्या पन्नास वर्षांतील बहुतेक महत्त्वाची नियमपुस्तके ही या एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे आहेत.

तलवारी, जादू आणि भुयारे यांच्या जगात घडणाऱ्या फँटसी खेळांपुरता या उत्तरांचा आढावा येथे घेतला आहे. नियम जितके जास्त तितका गेम मास्टर दुबळा, आणि गेम मास्टर जितका मोकळा तितके नियम निरर्थक, अशी एक समजूत या चर्चेत फार काळ रुजलेली आहे. प्रत्यक्ष नियमपुस्तके बारकाईने वाचली तर ती टिकत नाही. खेळाडूच्या निवडीला अर्थ यावा, हा दोहोंचा समान हेतू असतो. आणि निवडीला अर्थ येण्यासाठी खेळाडूला परिस्थितीची पुरेशी माहिती असावी लागते, परिणामाचा साधारण अंदाज बांधता यावा लागतो आणि त्याच्या निवडीमुळे पुढच्या घटना खरोखर बदलाव्या लागतात. या तीन अटी कुठे नियमाने पुऱ्या करायच्या आणि कुठे निवाड्याने, हे ठरवणे म्हणजेच रचना होय. म्हणून गेम मास्टरचे काम ही एखाद्याच्या अंगची उपजत कला न मानता तो नियमरचनेचाच एक भाग मानला पाहिजे, अशी या लेखाची भूमिका आहे.

युद्धखेळातील पंच

या वादाचे मूळ फँटसीत नाही. ते प्रशियाच्या लष्करात आहे. बॅरन फॉन राइसवित्झ यांनी १८१२ साली राजदरबारी मांडलेला 'क्रीगस्पील', म्हणजे युद्धखेळ, तोफखान्यात अधिकारी असलेल्या त्यांच्या मुलाने १८२४ साली नकाशावर खेळता येईल अशा रूपात प्रसिद्ध केला, आणि त्या वेळचे सेनामुख्यालयाचे प्रमुख म्युफलिंग यांनी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी त्याची शिफारस केली. या खेळात दोन्ही पक्ष आपले हुकूम पंचाकडे देत. पंच नकाशावरचे ठोकळे हलवी, कोणत्या पक्षाला शत्रूचे कोणते सैन्य दिसते हे ठरवी आणि गोळीबाराचा परिणाम फासे व कोष्टके यांच्या आधारे काढी. बुद्धिबळासारख्या खेळात सारा पट दोघांनाही दिसतो आणि चालींची यादी बांधलेली असते. येथे मात्र माहिती अपुरी राहिली आणि हुकूम कोणताही देता येऊ लागला. या दोन्ही गोष्टी पंचामुळेच शक्य झाल्या, आणि पुढे भूमिकाखेळांनी त्या जशाच्या तशा उचलल्या.

पुढच्या अर्धशतकात कोष्टके वाढत गेली, ती चाळण्यातच वेळ जाऊ लागला आणि प्रत्यक्ष रणांगण पाहिलेल्या अधिकाऱ्याला कोष्टकाने बांधून ठेवणे अनेकांना गैर वाटू लागले. तेव्हा १८७६ साली व्हर्डी द्यु व्हर्नुआ या प्रशियन सेनाधिकाऱ्याने कोष्टके बाजूला सारून अनुभवी पंचाने स्वतःच्या निर्णयावर खेळ चालवावा असे प्रतिपादन केले. या प्रकाराला 'मुक्त' आणि जुन्या प्रकाराला 'कठोर' युद्धखेळ असे म्हटले जाऊ लागले. मुक्त प्रकार जलद आणि लवचीक होता, पण त्याची सारी भिस्त पंचाच्या ज्ञानावर आणि निःपक्षपातीपणावर होती. कठोर प्रकार संथ होता, पण हरलेल्या पक्षाला निकालाचे कारण आकड्यांत दाखवता येत असे. आजच्या नियमपुस्तकांवरील वादाचे दोन्ही पक्ष अशा रीतीने दीडशे वर्षांपूर्वीच मांडून झाले होते.

या परंपरेचा धागा अमेरिकेत पोहोचला तो अमेरिकी सेनाधिकारी चार्ल्स टॉटन यांच्या १८८० सालच्या 'स्ट्रॅटेगोस' या पुस्तकातून. मिनेसोटातील मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत युद्धखेळ खेळणाऱ्या गटातील डेव्हिड वेझली यांनी त्यातील पंचाची कल्पना उचलून १९६९ साली 'ब्राउनस्टाइन' हा खेळ घडवला. नेपोलियनच्या काळातील एका काल्पनिक जर्मन गावात तो घडत असे, आणि खेळाडूंकडे सैन्याऐवजी नगराध्यक्ष किंवा विद्यापीठाचा कुलगुरू यांसारखी एकेक व्यक्ती सोपवलेली असे. त्याच गटातील डेव्ह अर्नेसन यांनी १९७१ पासून 'ब्लॅकमूर' या काल्पनिक प्रदेशात असा खेळ सलग चालवला. त्यात पात्रे एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीत टिकून राहत, अनुभवाने बळावत आणि भुयारांचा शोध घेत.

अपुरेपणातून जन्मलेले पुस्तक

अर्नेसन यांचा हा खेळ आणि गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांचे 'चेनमेल' हे मध्ययुगीन लढायांचे नियम यांच्या संयोगातून १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाले. विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या गावातून टीएसआर या छोट्या कंपनीने काढलेल्या या तीन पुस्तिकांच्या संचाची पहिली आवृत्ती १००० प्रतींची होती. लढाईसाठी वाचकाकडे 'चेनमेल' असेल असे त्यात गृहीत धरले होते, रानावनातील प्रवासासाठी दुसऱ्याच कंपनीच्या 'आउटडोअर सर्व्हायव्हल' या खेळाचा पट वापरण्याची शिफारस होती, आणि गेम मास्टरला त्यात 'रेफरी' असेच म्हटले होते. अनेक नियम एकमेकांशी जुळत नव्हते आणि काही तर लिहिलेलेच नव्हते. या अपुरेपणामुळे प्रत्येक गावातील गटाला आपापले नियम रचावे लागले. ज्या हजारो वाचकांनी ही पुस्तके विकत घेतली त्यांतील बरेचसे नाइलाजाने रचनाकार झाले.

त्याचे पडसाद लवकरच उमटले. केन सेंट आंद्रे यांनी १९७५ साली 'टनेल्स अँड ट्रोल्स' हा अधिक सोपा खेळ काढला. स्टीव्ह पेरिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली 'रूनक्वेस्ट'मध्ये शंभरपैकी टक्क्यांवर चालणारी कौशल्ये आणून, पात्र जे कौशल्य वापरेल तेच सुधारेल असा नियम केला. ली गोल्ड यांनी १९७५ साली लॉस एंजेलिसमधून सुरू केलेल्या 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' या वाचकांच्याच लेखांवर चालणाऱ्या नियतकालिकात नियम, न्याय, पात्राशी एकरूपता आणि कथा यांवर वाद झडू लागले. जॉन पीटरसन यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या 'द इल्युसिव्ह शिफ्ट' या इतिहासग्रंथात दाखवून दिले आहे, की पुढे नवे म्हणून मांडले गेलेले बहुतेक सिद्धान्त १९७० च्या दशकातील या चर्चांत बीजरूपाने आढळतात.

स्पर्धांमध्ये आणि दूरदूरच्या गटांमध्ये एकसारखेपणा यावा म्हणून गायगॅक्स यांनी १९७७ ते १९७९ या काळात 'अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे तीन ग्रंथ रचले. यात एक गोष्ट लक्षणीय होती : हल्ला लागण्यासाठी फाशावर किती पडावे लागते याची कोष्टके खेळाडूंच्या पुस्तकात नव्हती, ती गेम मास्टरच्या पुस्तकात होती. नियम तपशीलवार असले तरी ते खेळाडूपासून झाकलेले होते, त्यामुळे परिणामाचा अंदाज बांधण्याची त्याची क्षमता गेम मास्टरच्या वर्णनावरच अवलंबून राहिली. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत जोनाथन ट्वीट, माँटी कुक आणि स्किप विल्यम्स यांनी जवळजवळ सर्व कृतींना एकच सूत्र लावले : वीस बाजूंचा फासा टाकावा, त्यात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवावा आणि बेरीज ठरलेल्या लक्ष्याइतकी किंवा त्याहून जास्त आली तर यश मानावे. हे सूत्र आणि नमुन्यादाखल लक्ष्ये खेळाडूच्याच पुस्तकात छापली गेली. नियमांची संख्या दोन्ही आवृत्त्यांत मोठीच होती. बदलले ते नियम कोणाला ठाऊक असावेत याचे उत्तर, आणि त्यामुळे टेबलावरील सत्तेचा तोल बदलला.

फाशामागचे गणित

नियम हे अधिकाराचे वाटप असते तसेच संभाव्यतेचेही असते, आणि फाशाची निवड वरवर किरकोळ वाटली तरी खेळाचा स्वभाव तीच ठरवते. वीस बाजूंच्या एकाच फाशावर प्रत्येक आकडा पडण्याची शक्यता ५ टक्के असते, त्यामुळे कौशल्यात एकाची भर पडली की यशाची शक्यता सरसकट ५ टक्क्यांनी वाढते, मग पात्र नवशिके असो वा निष्णात. याउलट स्टीव्ह जॅक्सन यांच्या १९८६ सालच्या 'गर्प्स'मध्ये सहा बाजूंचे तीन फासे टाकून बेरीज कौशल्याइतकी किंवा त्याहून कमी यावी लागते. तेथे कौशल्य १० वरून ११ झाले की यशाची शक्यता ५० वरून ६२.५ टक्क्यांवर जाते, पण १४ वरून १५ झाले तर ती साधारण ९०.७ वरून ९५.४ पर्यंतच सरकते. पहिल्या पद्धतीत तज्ज्ञही पुष्कळदा चुकतो आणि नवखाही कधी मैदान मारतो. दुसरीत तज्ज्ञावर भरवसा ठेवता येतो. शौर्यकथेला कोणती पद्धत मानवते आणि काटेकोर वास्तवाला कोणती, हा निर्णय त्या पुस्तकाच्या रचनाकाराने फासा निवडतानाच घेतलेला असतो.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीने आणलेला 'अ‍ॅडव्हान्टेज'चा नियम याच दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. परिस्थिती अनुकूल असेल तर वीस बाजूंचा फासा दोनदा टाकावा आणि मोठा आकडा धरावा, इतकाच तो नियम. ज्याला ११ किंवा अधिक हवे आहेत त्याची शक्यता यामुळे ५० वरून ७५ टक्के होते, पण ज्याला २० च हवे आहेत त्याची शक्यता ५ वरून केवळ ९.७५ टक्क्यांवर जाते. म्हणजे ही मदत अटीतटीच्या प्रसंगी सर्वाधिक उपयोगी पडते आणि अशक्यप्राय कृतीला फारशी सोपी करत नाही. शिवाय उंचावर उभे असल्याबद्दल एक, प्रकाश पाठीशी असल्याबद्दल दोन अशी बेरीज-वजाबाकी करण्याचे गेम मास्टरचे काम सुटले, आणि परिस्थिती अनुकूल आहे की नाही एवढाच निवाडा त्याच्याकडे उरला. निवाड्याची जागा आखून देणारा नियम कसा असावा याचा हा उत्तम नमुना आहे.

गणिताकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, हे लपून शिरण्याच्या प्रसंगात दिसते. पात्राला दबक्या पावलांनी वाडा ओलांडायचा आहे आणि प्रत्येक वेळी यशाची शक्यता ८० टक्के आहे असे समजू. गेम मास्टरने अंगणात, जिन्यावर, दालनात, सज्जात आणि दारापाशी असा पाच वेळा फासा टाकायला लावला तर पाचही वेळा यश येण्याची शक्यता ३३ टक्क्यांच्या आत येते. खेळाडूला आपण तरबेज चोर आहोत असे पुस्तकाने सांगितलेले असते आणि टेबलावर तीनपैकी दोनदा तो पकडला जातो. गेम मास्टरच्या मनात कोणताही वाईट हेतू नसतो. फासा किती वेळा टाकायचा हे पुस्तकाने सांगितलेले नसते. ल्यूक क्रेन यांच्या 'बर्निंग व्हील' या खेळाने हे ओळखून नियम केला, की खेळाडूने कृती आणि हेतू दोन्ही आधी सांगावे, एकदाच फासा टाकावा, आणि परिस्थिती ठळकपणे बदलेपर्यंत तोच निकाल कायम धरावा.

एक कुलूप, चार नियम

या साऱ्या फरकांचा टेबलावर काय परिणाम होतो, हे पाहण्यासाठी एकच प्रसंग चार पुस्तकांच्या नियमांनी खेळून पाहणे उपयुक्त ठरते. चोराचे पात्र एका कोठाराच्या दाराशी उभे आहे, दाराला कुलूप आहे आणि पहारेकरी थोड्याच वेळात परत येणार आहेत.

१९७८ च्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' खेळाडू-ग्रंथानुसार पहिल्या पातळीच्या चोराला कुलूप उघडण्याची २५ टक्के शक्यता मिळते, आणि एका कुलपावर एकदाच प्रयत्न करता येतो; तो फसला तर पुढची पातळी गाठेपर्यंत ते कुलूप त्याच्यापुरते बंदच. नियम कडक आहे, पण त्यात एक शहाणपण आहे : अपयश आले की खेळाडूंना खिडकी, छप्पर किंवा पहारेकऱ्याची किल्ली असा दुसरा मार्ग शोधावाच लागतो.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत गेम मास्टर कुलपासाठी लक्ष्याचा आकडा ठरवतो, समजा १५. पात्राकडे ५ ची भर असेल तर १० किंवा अधिक पडल्यास कुलूप उघडते, म्हणजे यशाची शक्यता ५५ टक्के. ९ पडले तर कुलूप उघडत नाही, आणि त्यानंतर काय होते हे ठरवणे गेम मास्टरच्या हाती राहते. सराईत गेम मास्टर पहारेकऱ्यांची पावले ऐकवतो. नवखा गेम मास्टर पुन्हा फासा टाकायला सांगतो, आणि चार-पाच फाशांनंतर कुलूप उघडते तेव्हा आधीचे सारे फासे व्यर्थ गेल्याचे सर्वांच्या ध्यानात येते.

सेज लटोरा आणि अ‍ॅडम केबल यांच्या २०१२ सालच्या 'डंजन वर्ल्ड'मध्ये सहा बाजूंचे दोन फासे टाकले जातात. १० किंवा जास्त आल्यास काम फत्ते होते. ७ ते ९ आल्यास कुलूप उघडते, पण संशय, धोका किंवा नुकसान यांपैकी दोन पर्याय गेम मास्टर पुढे ठेवतो आणि खेळाडू एक निवडतो. ६ किंवा कमी आल्यास गेम मास्टर परिस्थिती बिघडवतो. यातले गणित मोठे मार्मिक आहे. भर शून्य असेल तर मधला निकाल लागण्याची शक्यता ४१.७ टक्के, एक असेल तर ४४.४ आणि दोन असेल तर पुन्हा ४१.७. भर शून्यावरून दोनपर्यंत वाढली तरी पाचातून साधारण दोनदा यशासोबत गुंतागुंत येणारच, ही खात्री रचनेतच घातलेली आहे. त्यामुळे कथा कधी ठप्प होत नाही. मात्र दर वेळी नवी गुंतागुंत सुचवण्याचा भार गेम मास्टरवर पडतो.

जॉन हार्पर यांच्या २०१७ सालच्या 'ब्लेड्स इन द डार्क'मध्ये फासा टाकण्याआधीच गेम मास्टर दोन गोष्टी उघडपणे सांगतो : धोका किती आहे आणि यश आल्यास काम कितपत साधेल. पहारेकरी जवळ असतील तर धोका मोठा, अवजारे चांगली असतील तर परिणाम मोठा. खेळाडूला ते पटले नाही तर तो हेतू बदलू शकतो, अधिक धोका पत्करून अधिक परिणाम मागू शकतो किंवा माघार घेऊ शकतो. येथे निवाडा गेम मास्टरचाच आहे, पण तो फाशाच्या आधी आणि चर्चेला खुला असा केल्यामुळे निवडीला अर्थ येण्याच्या तिन्ही अटी पुऱ्या होतात.

बक्षीस, चोर आणि वागणूक

नियम कृतीचा निकाल ठरवतात, तसेच कोणती कृती करावीशी वाटेल हेही ठरवतात, आणि हा परिणाम पुष्कळदा रचनाकाराच्याही उशिरा लक्षात येतो. सुरुवातीच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये भुयारातून बाहेर आणलेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्यामागे अनुभवाचा एक गुण मिळे आणि राक्षस मारल्याबद्दल त्या मानाने फारच थोडे गुण मिळत. परिणामी शहाणा खेळाडू लढाई टाळून, फसवून, तह करून खजिना पळवण्याचा विचार करी. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्यासाठी गुण देणे ऐच्छिक झाले आणि नंतरच्या आवृत्त्यांत अनुभव प्रामुख्याने शत्रूवर मात करण्याशी जोडला गेला; त्याबरोबर लढाई हाच खेळाचा गाभा झाला. राक्षस तेच राहिले, भुयारेही तीच राहिली. बक्षिसाची एक ओळ बदलल्याने खेळाडूंचे वागणे बदलले.

१९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत चोराचा वर्ग आला तेव्हाही असेच घडले. त्याआधी सापळा शोधायचा तर खेळाडू लांब काठीने फरशी ठोकून पाही, पाणी ओतून फटी शोधी, आणि गेम मास्टर त्या वर्णनावरून निवाडा करी. चोराला सापळे निकामी करण्याचा टक्का मिळाल्यावर सापळ्यांचे कामच इतरांचे नाही अशी समजूत रूढ झाली. एखाद्याला नियमाने दिलेली क्षमता इतरांकडून न लिहिताच काढून घेतली जाते, हा धडा कौशल्यांच्या लांबलचक याद्या करणाऱ्या प्रत्येक रचनाकाराने लक्षात ठेवण्यासारखा आहे. २००६ मध्ये 'ओस्रिक' या पुस्तकापासून बळावलेल्या जुन्या शैलीच्या पुनरुज्जीवनाने हाच मुद्दा उचलून धरला, आणि मॅट फिंच यांच्या २००८ सालच्या छोट्या पुस्तिकेने नियमांपेक्षा जागच्या जागी केलेल्या निवाड्याला आणि पात्राच्या आकड्यांपेक्षा खेळाडूच्या हुशारीला महत्त्व देण्याची भूमिका मांडली.

मात्र या चळवळीचे वर्णन 'कमी नियम' असे करणे अपुरे आहे. जुन्या खेळात भुयारातील काळ दहा-दहा मिनिटांच्या पाळ्यांत मोजला जाई, मशाल सहा पाळ्या टिके, ठरावीक अंतराने भटक्या राक्षसांसाठी फासा टाकला जाई आणि सामानाचे ओझे चाल मंदावत असे. म्हणजे सापळा शोधण्याचा निवाडा मोकळा होता, पण शोधण्यात गेलेल्या वेळाची किंमत नियमाने वसूल होत होती. मोकळ्या निवाड्याभोवती अशी पक्की चौकट होती म्हणूनच काठीने प्रत्येक फरशी ठोकायची की धोका पत्करून पुढे जायचे, हा खरा प्रश्न बनत असे.

गेम मास्टरचे काम : तयारी, माहिती, निवाडा

गेम मास्टरच्या तयारीविषयीचा मोठा वाद कथा आधी लिहावी की केवळ परिस्थिती रचावी, याभोवती फिरतो. जेनेल जॅकेज यांच्या १९७९ सालच्या 'केव्हर्न्स ऑफ थ्रेशिया' या भुयारात अनेक प्रवेशद्वारे, वर्तुळाकार वाटा आणि मजल्यांना जोडणारे छुपे मार्ग आहेत, त्यामुळे कोणता गट कोणत्या क्रमाने काय पाहील हे रचनाकारालाही सांगता येत नाही. उलट १९८४ पासून ट्रेसी हिकमन व सहकाऱ्यांनी रचलेल्या 'ड्रॅगनलान्स' साहसमालेत मोठी महाकथा होती आणि घटनांचा क्रम बराचसा आखलेला होता. त्या मालेने भूमिकाखेळात भावनिक उंची आणली हे निर्विवाद. पण खेळाडूने वाट सोडली की त्याला पुन्हा रुळावर आणण्याची जबाबदारी गेम मास्टरवर आली, आणि ही ओढाताण 'रेलरोडिंग' या नावाने बदनाम झाली.

कोकणातील दशावतारी खेळात लिखित संहिता नसते; कथानक ठरवून नट रंगमंचावर येतात आणि संवाद आयत्या वेळी रचतात, तरी दैत्याचा वध शेवटी होणार हे प्रेक्षकाला माहीत असते आणि ते तसेच व्हावे अशी त्याची अपेक्षाही असते. भूमिकाखेळात प्रेक्षक वेगळा नसतो. निवड करणारा आणि पाहणारा एकच असतो, म्हणून शेवट आधी ठरला की निवडीचा अर्थच संपतो. याच कारणासाठी फासा पडद्याआड टाकून गुपचूप निकाल बदलण्याची पद्धत तपासून घ्यायला हवी. १९७९ च्या गेम मास्टर-ग्रंथापासून तिला मान्यता मिळत आली आहे आणि तिच्यामागे बहुधा सद्भावनाच असते. परंतु खेळाडूचा धोका खोटा होता हे एकदा कळले की पुढचे प्रत्येक यश त्याला संशयास्पद वाटते. निकाल पचणार नसेल तर फासा टाकूच नये, हा नियम अधिक प्रामाणिक आहे.

माहिती देणे हे गेम मास्टरचे सर्वांत कमी चर्चिलेले आणि सर्वांत महत्त्वाचे काम. रहस्यकथेच्या साहसात एका सुगाव्यासाठी फासा टाकायला लावला आणि तो फसला तर सारी कथा अडून बसते. रॉबिन लॉज यांनी २००७ पासून 'गमशू' पद्धतीत हे नियमानेच सोडवले : योग्य कौशल्याचे पात्र योग्य जागी शोधत असेल तर मुख्य सुगावा त्याला फाशाविना मिळतो, आणि कसोटी लागते ती त्याचा अर्थ लावण्यात. जस्टिन अलेक्झांडर यांनी २००८ साली हेच तयारीच्या अंगाने सोडवले : खेळाडूंनी जो निष्कर्ष काढणे आवश्यक आहे त्यासाठी किमान तीन वेगवेगळे सुगावे पेरावेत, म्हणजे एक निसटला आणि दुसऱ्याचा अर्थ चुकला तरी तिसरा हाती लागतो. एकाने नियम बदलला, दुसऱ्याने गेम मास्टरची सवय बदलली आणि दोघांनी एकच खिंडार बुजवले. नियम आणि संचालन ही एकाच रचनेची दोन अंगे आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

सिद्धान्ताकडून कार्यपद्धतीकडे

सैद्धान्तिक विचारात १९९५ सालच्या 'एव्हरवे' या खेळाचा टप्पा महत्त्वाचा आहे. त्यात जोनाथन ट्वीट यांनी निकाल लावण्याच्या तीन रीती सांगितल्या : क्षमतांची तुलना करणे, कथेची गरज पाहणे आणि दैवावर, म्हणजे तेथे पत्त्यांवर, सोडणे. पुढे रॉन एडवर्ड्स यांनी स्पर्धा, कथाशोध आणि जगाची सुसंगत अनुभूती असे खेळण्याचे तीन हेतू मानून एकेका पद्धतीने एकेका हेतूची सेवा करावी असा आग्रह धरला. प्रत्यक्षात एकाच बैठकीत खेळाडू हे तिन्ही हेतू सहज मिसळतात, त्यामुळे हे वर्गीकरण काटेकोरपणे टिकले नाही. पण नियमांची पद्धत खेळाचा अनुभव घडवते, चांगल्या गेम मास्टरला कोणतीही पद्धत चालते हे खरे नाही, हा त्यांचा मूळ मुद्दा मात्र टिकून राहिला.

त्याचे सर्वांत फलदायी रूप व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या २०१० सालच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये दिसते. 'डंजन वर्ल्ड'ने त्याचाच साचा फँटसीत आणला. या पुस्तकाने गेम मास्टरला सल्ला देण्याऐवजी नियम दिले : त्याची उद्दिष्टे कोणती, बोलताना पाळायची तत्त्वे कोणती, आणि फासा फसल्यावर त्याने करायच्या कृतींची यादी कोणती. खेळाडूइतकाच गेम मास्टरही नियमांनी बांधला गेला. जेसन मॉर्निंगस्टार यांच्या २००९ सालच्या 'फियास्को'ने तर गेम मास्टरच काढून टाकला, आणि शॉन टॉमकिन यांच्या २०१८ सालच्या 'आयर्नस्वॉर्न' या फँटसी खेळात एकटा खेळाडूही कोष्टकांना प्रश्न विचारून साहस पुढे नेऊ शकतो. गेम मास्टरची कामे नियमांत उतरवता येतात हे या खेळांनी सिद्ध केले. मात्र अनपेक्षित कृतीला समजूतदार उत्तर देणारा माणूस समोर असण्यात जी समृद्धी आहे तिची भरपाई ते पूर्णपणे करू शकलेले नाहीत, म्हणून बहुसंख्य गटांत गेम मास्टर आजही आहे.

टेबलावरच्या परस्परविश्वासालाही आता कार्यपद्धतीचे रूप आले आहे. मोहीम सुरू होण्याआधी अपेक्षा, विषय आणि मर्यादा ठरवण्यासाठी घेतली जाणारी 'सेशन झिरो' ही बैठक, आणि खेळात एखादा प्रसंग असह्य झाल्यास कारण न सांगता तो थांबवता यावा म्हणून जॉन स्टाव्ह्रोपोलस यांनी प्रचारात आणलेले 'एक्स-कार्ड', ही त्याची उदाहरणे. काहींना यात मोकळेपणाचा संकोच दिसतो. वस्तुतः कोणता विषय कुठवर न्यायचा हे एरवी गेम मास्टरला एकट्याने अंदाजाने ठरवावे लागते; तो अंदाज सर्वांच्या संमतीवर आणल्याने भयावह आणि गंभीर कथा अधिक धीटपणे खेळता येतात.

आजची स्थिती आणि उरलेले काम

या आढाव्यातून एक दिशा स्पष्ट दिसते : निवाडा कमी करण्याचे प्रयत्न आणि निवाडा मोकळा सोडण्याचे प्रयत्न दोन्ही एकेकटे अपुरे ठरले, आणि निवाडा कधी, कशाविषयी व किती उघडपणे करायचा हे सांगणारे नियम यशस्वी झाले. या क्षेत्रातील सर्वांत मोठ्या, म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या, प्रकाशकालाही हे उशिरा का होईना उमगले आहे. २०१४ च्या गेम मास्टर-ग्रंथाचे पहिले प्रकरण नवे विश्व रचण्याविषयी होते आणि प्रत्यक्ष खेळ चालवण्याचे प्रकरण आठवे होते. २०२४ च्या नव्या ग्रंथात मूलभूत गोष्टी आणि खेळ चालवणे हीच पहिली दोन प्रकरणे आहेत. तरीही फासा किती वेळा टाकावा, अपयशानंतर काय घडावे आणि माहिती किती उघड करावी या तीन प्रश्नांवर बहुतेक पुस्तके अजून सल्ल्यापुरतीच बोलतात. परिणामी नवखा गेम मास्टर पहिल्याच बैठकीत अडखळला की दोष स्वतःच्या कल्पनाशक्तीचा समजतो. खरे तर पुस्तकाने सोडलेली रिकामी जागा त्याला एकट्याने भरावी लागलेली असते.

हे काम मराठीत हाती घेण्यास आता कायद्याची आडकाठी उरलेली नाही. पाचव्या आवृत्तीचा मूलभूत नियमसंच जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला करण्यात आला, आणि श्रेय नोंदवण्याच्या अटीवर त्याचा कोणत्याही भाषेत अनुवाद करण्याची, त्यात फेरबदल करण्याची आणि तो प्रसिद्ध करण्याची मुभा आहे. मात्र मराठीत असे पुस्तक रचताना राक्षसांच्या आणि मंत्रांच्या याद्यांपासून सुरुवात केली तर पन्नास वर्षांपूर्वीचीच उणीव नव्या लिपीत उतरेल. पहिली पाने गेम मास्टरसाठी असावीत, आणि खेळाडूने कृती सांगितल्यापासून तिचा परिणाम सांगेपर्यंत काय करायचे हे त्यांत पायरीपायरीने लिहिलेले असावे. ती पाने नीट उतरली तर अशा खेळाचे टेबल कधीही न पाहिलेल्या वाचकालाही चार मित्र जमवून पहिली बैठक चालवता येईल.